मलिक अंबर : माणसे जोडणारा वजीर, आणि जिथे माणसे तुटली ती ठिकाणे

खुलदाबादला मुलांची सहल नेली की आम्ही थोडा वेळ काढून मलिक अंबर यांच्या मकबऱ्यावर जातोच. एका दिवसात वेरूळची लेणी, दौलताबादचा किल्ला, हजरत जर जरी जर बख्श यांचा दर्गा असे सगळे बसवायचे असते, त्यामुळे बसचा ड्रायव्हर कुरकुर करतो. मकबऱ्यावर गर्दी नसते. मुले घुमटाखाली आवाज काढून बघतात, आम्ही रागावतो, आणि मग चार शब्द सांगतो. मागे एकदा आठवीतल्या एका मुलाने विचारले की सर, ते तर गुलाम होते ना, मग एवढे मोठे सरदार त्यांचे का ऐकत होते? बस सुटायची घाई होती. आम्ही दोन वाक्यांत काहीतरी सांगून मोकळे झालो. पण घरी आल्यावर वाटले, पोराने नेमका प्रश्न विचारला आणि आपण टाळला.

हा लेख म्हणजे त्या मुलाला दिलेले उशिराचे उत्तर समजा. आणि फक्त त्यालाच नाही. दुकान असो, शाळा असो, बँक असो की आपल्या मोहल्ल्यातली एखादी कमिटी असो, आजकाल सगळीकडे एकच रडगाणे ऐकू येते. वरच्यांचा खालच्यांवर भरवसा नाही आणि खालच्यांचा वरच्यांवर नाही. उर्दूत ज्याला अमानत म्हणतात तोच शब्द मराठीत अनामत झाला. दुसऱ्याने विश्वासाने आपल्याकडे ठेवलेली वस्तू, असा त्याचा अर्थ. मराठीत तो बहुतेक पैशापुरता उरला. मलिक अंबर यांच्या आयुष्यात ही अनामत पैशाची नव्हती, माणसांची होती. ती त्यांनी कशी सांभाळली आणि कुठे सांभाळता आली नाही, ते बघू या.

त्यांचा जन्म साधारण १५४८ चा, हबशांच्या मुलखात, म्हणजे आजच्या इथिओपियात. मूळ नाव चापू. लहानपणीच गुलामांच्या बाजारात विकले गेले. हात बदलत बदलत ते मीर कासिम अल बगदादी नावाच्या व्यापाऱ्याकडे आले. या मालकाने मुलाची हुशारी ओळखली, त्याला लिहायला, वाचायला, हिशेब ठेवायला शिकवले. इस्लाम स्वीकारल्यावर अंबर हे नावही त्यानेच दिले. विकत घेतलेल्या पोराला शिकवायची त्या काळात कुणावर सक्ती नव्हती. आम्ही शिक्षक असल्यामुळे असेल, पण या मीर कासिमबद्दल आम्हाला फार कुतूहल आहे.

१५७० च्या आसपास अंबर दख्खनमध्ये आले. अहमदनगरच्या निजामशाहीचे पेशवे चंगीझ खान यांनी त्यांना विकत घेतले. पेशवे म्हणजे मुख्य वजीर. हे चंगीझ खान स्वतः हबशी होते आणि स्वतःही एके काळी गुलाम होते. त्यांच्या पदरी हजारभर हबशी गुलाम होते असे सांगतात. राज्यकारभार, फौज, दरबारातली राजकारणे हे सगळे तरुण अंबर यांनी तिथे जवळून पाहिले. आणि आणखी एक गोष्ट पाहिली. मुर्तजा निजामशाह पहिला याच्या मनात कुणीतरी संशय भरवला आणि त्याने आपल्या या कर्तबगार पेशव्यालाच विष देऊन मारले. ही १५७४-७५ ची गोष्ट. चंगीझ खानांच्या बेवेने अंबर यांना गुलामीतून मोकळे केले.

आता हातात स्वातंत्र्य होते, पण नोकरी नव्हती. पुढची वीस वर्षे त्यांनी विजापूर आणि गोवळकोंड्याच्या चाकरीत काढली. विजापुरात त्यांना मलिक हा किताब मिळाला. याच काळात त्यांच्याभोवती हळूहळू माणसे जमू लागली. १५९५ च्या सुमारास ते अहमदनगरला परतले तेव्हा त्यांच्या मागे दीडशे स्वार होते. ही माणसे जहागिरीसाठी आली म्हणावे तर द्यायला जहागीर होती कुठे?

अहमदनगरात तेव्हा सगळाच गोंधळ होता. अकबर बादशाहची फौज दाराशी, आणि आत दख्खनी, हबशी, परदेशी अशी दरबाऱ्यांची भांडणे. चांदबीबीने १५९५-९६ मध्ये किल्ला लढवला हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. तिचा शेवट मात्र आपण भरभर सांगून टाकतो. १६०० साली तिने मुघलांशी संगनमत केले अशी हूल उठली आणि किल्ल्यातल्याच लोकांनी तिला ठार केले. ज्या भिंतींवर ती उभी राहिली होती त्याच भिंतींच्या आत. त्यानंतर किल्ला फार दिवस टिकला नाही.

चंगीझ खान आणि चांदबीबी. दोघांनाही शत्रूने मारले नाही, संशयाने मारले. मलिक अंबर यांनी पुढे जे केले ते समजून घ्यायचे तर या दोन मृत्यूंची आठवण ठेवावी लागते, असे आम्हाला वाटते.

किल्ला गेला, बादशाहने निजामशाहाला कैद केले, आणि कागदावर निजामशाही संपली. मलिक अंबर यांनी राजघराण्यातला एक वारस शोधला, त्याला परांड्याच्या किल्ल्यात मुर्तजा निजामशाह दुसरा म्हणून गादीवर बसवले आणि आपली मुलगी त्याला दिली. स्वतः वजीर झाले. त्यांच्याकडे आता राज्य नव्हते, राजधानी नव्हती, खजिना नव्हता. होती ती माणसे. १६०१-०२ च्या सुमारास नांदेडच्या बाजूला खान-ए-खानान अब्दुर्रहीम यांच्या मुलाने त्यांचा जबर पराभव केला. अंबर जखमी होऊन पडले. पराभूत सेनापती रणात पडला की फौज पळते, हा त्या काळचा नियमच म्हणा ना. इथे त्यांच्या हबशी आणि दख्खनी शिपायांनी जीव धोक्यात घालून त्यांना उचलून बाहेर काढले. त्या मुलाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर नांदेडच्या त्या मैदानात आहे.

पुढच्या आठ-दहा वर्षांत हे राज्य पुन्हा उभे राहिले. राजू दखनी नावाच्या प्रतिस्पर्धी सरदाराशी झुंज झाली, तीही त्यांनी जिंकली. विल्यम फिंच नावाचा इंग्रज व्यापारी १६१० च्या सुमारास हिंदुस्थानात होता. त्याच्या नोंदीप्रमाणे अंबर यांच्याकडे दहा हजार हबशी आणि चाळीस हजार दख्खनी फौज होती. दख्खनींत मोठा भरणा मराठ्यांचा. लखुजी जाधव, मालोजी भोसले, पुढे मालोजींचे पुत्र शहाजी आणि शरीफजी. अहमदनगरच्या शाह शरीफ या पीराला केलेल्या नवसाने झाले म्हणून मालोजींनी मुलांची ही नावे ठेवली, असे परंपरा सांगते. त्या काळातल्या दख्खनची ही हवा होती.

या फौजेची लढायची पद्धत बघा. मुघल फौज म्हणजे हत्ती, तोफा, मोठमोठे तंबू, बाजारबुणगे. मैदानात तिच्यासमोर टिकाव लागणे कठीण. म्हणून अंबर यांनी बारगीगिरी वापरली, जिला पुढे आपण गनिमी कावा म्हणून ओळखू लागलो. हलक्या घोडेस्वारांच्या लहान लहान टोळ्या करायच्या, शत्रूची रसद तोडायची, रात्री छावणीवर छापा घालायचा, आणि पाठलाग झाला की डोंगरात पांगायचे. ऐकायला सोपे आहे. पण सेनापतीच्या जागी स्वतःला उभे करून बघा. तुमचे स्वार वीस-पंचवीस कोसांवर अंधारात आहेत. ते काय करताहेत हे तुम्हाला दिसत नाही. कधी हल्ला करायचा, कधी माघार घ्यायची, हा निर्णय तिथल्या नायकाने घ्यायचा. तुमचा हुकूम पोहोचेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. लूट किती मिळाली हेही तो सांगेल ते खरे. ज्याला प्रत्येक गोष्ट आपल्या डोळ्यांसमोर व्हायला हवी असते, त्याला ही लढाई लढताच येणार नाही.

इथे आम्हाला एक जुने मुख्याध्यापक आठवतात. शाळेचे नाव कशाला घ्यायचे. ते प्रत्येक वर्गाच्या दाराशी उभे राहून ऐकायचे, आणि फळ्यावर तारीख लिहिली नाही म्हणून मुलांसमोर बोलायचे. मेहनती माणूस होता, खोटे कशाला बोलू. पण दोन वर्षांत झाले काय, तर ते दाराशी असले की आम्ही सगळे उत्तम शिकवायचो. ते ट्रेनिंगला गेले की अर्धा स्टाफ चहाला. आम्हीसुद्धा.

पण नुसता भरवसा टाकला की लोक इमानदार होतात, असा भोळेपणा मलिक अंबर यांच्यात नव्हता. आमच्या मते त्यांचे खरे मोठेपण लढाईपेक्षा जमिनीच्या वसुलीत आहे. त्यांच्याआधी वसुली मक्त्याने द्यायची रीत होती. जो जास्त बोली लावेल त्याला परगणा. मग तो मक्तेदार रयतेला पिळून बोलीचे पैसे वसूल करणार, वर आपला नफा काढणार. पुढच्या वर्षी तोच असेल की दुसरा, कुणाला माहीत. अशा व्यवस्थेत कुणी कुणावर विश्वास ठेवायचा? शेतकऱ्याने जास्त पिकवले तर जास्त ओरबाडले जाणार, मग पिकवायचे कशाला?

अंबर यांनी मक्तेदारी बंद केली. जमिनीची पाहणी करून चांगली, हलकी अशी प्रत ठरवली. काही वर्षांचे पीक बघून सरासरी काढली. सुरुवातीला पिकाचे पाचात दोन हिस्से धान्यात घेतले, नंतर साधारण एक तृतीयांश उत्पन्नाइतकी रोख रक्कम ठरवून दिली. गावच्या पाटलाचा हक्क वंशपरंपरेने कायम केला आणि वसुलीची जबाबदारी त्याच्यावर टाकली. पाटील गावातलाच. त्याला त्याच गावात राहायचे, तिथेच मुलांची लग्ने करायची. वसुलीच्या कारभारात ब्राह्मण कारकून आणि वर देखरेख मुसलमान अंमलदारांची. सारा किती द्यायचा हे आधी ठाऊक असणे, आणि तो वर्ष उलटले म्हणून बदलणार नाही याची खात्री असणे, ही रयतेच्या दृष्टीने केवढी मोठी गोष्ट! मलिकंबरी धारा हे नाव दख्खनच्या महसुली कागदपत्रांत त्यांच्यानंतरही टिकले, आणि शिवकाळातल्या महसुलाचा विचार करताना अभ्यासकांना या धाऱ्यापासून सुरुवात करावी लागते.

खडकी शहराचेही तसेच. १६१० मध्ये त्यांनी खडकीला राजधानी वसवली. पुढे औरंगाबाद, आताचे छत्रपती संभाजीनगर. मुघलांवरच्या विजयाची आठवण म्हणून बांधलेला १६१२ चा भडकल दरवाजा अजून उभा आहे. शिवाय नहर-ए-अंबरी. डोंगरात जमिनीखाली मुरलेले पाणी खापरी नळांनी आणि भुयारी कालव्यांनी शहरात आणायचे, मध्ये मध्ये दाब सांभाळायला आणि साफसफाईला उच्छ्वास ठेवायचे, पंप नाही, मोट नाही, सगळे उतारावर. मुघल फौजांनी १६१६ नंतर आणि पुन्हा १६२१ मध्ये खडकीची नासधूस केली. दोन्ही वेळा शहर पुन्हा वसले.

एवढे वाचून कुणाला वाटेल की हा तर सगळा गौरवच झाला. नाही. आपल्या समाजात थोरांच्या चुका झाकून लिहायची सवय आहे, ती आम्हाला पटत नाही. मुलांना त्याचा काही उपयोग होत नाही.

१६१० साली मुर्तजा निजामशाह दुसरा, म्हणजे अंबर यांचा स्वतःचा जावई, विषाने मेला. पीटर व्हान डेन ब्रूके नावाचा डच व्यापारी १६१७ मध्ये अंबर यांना भेटला होता. त्याच्या लिखाणाप्रमाणे निजामशाहच्या दुसऱ्या बेगमने अंबर यांच्या मुलीला गुलामाची पोर म्हणून हिणवले, बाप म्हणून हे त्यांना सहन झाले नाही, आणि त्यांनी दोघांना विष देववले. त्याआधीही निजामशाह आणि वजीर यांच्यात बरीच वर्षे ओढाताण होती. निजामशाहने राजू दखनीला अंबर यांच्याविरुद्ध वापरून पाहिले होते. कारण काही असो, आपल्या मालकाला विष देऊन मारलेले ज्याने तरुणपणी पाहिले, त्याच्याच कारकिर्दीत पुन्हा तेच झाले. त्यानंतर गादीवर एक लहान मूल बसवले गेले. मोठ्या सरदारांनी हे पाहिलेच असणार. ज्याच्या शब्दावर आपण रात्री-बेरात्री छापे घालतो तो वजीर उद्या आपल्याशी असेच वागला तर, हा विचार कुणाच्याच मनात आला नसेल असे आम्हाला वाटत नाही.

काही वर्षांनी फौजेत फाटाफूट झाली. अंबर यांच्याशी बिनसले म्हणून लखुजी जाधव आणि आणखी काही मराठा व हबशी सरदार बाळापूरला मुघल सेनापती शाहनवाज खान याला जाऊन मिळाले. हे बाळापूर अकोला जिल्ह्यातले. शाहनवाज खान म्हणजे नांदेडला अंबर यांना हरवणारा तोच खान-ए-खानानचा मुलगा. १६१६ मध्ये जालन्याकडच्या रोशनगावला लढाई झाली आणि अंबर यांचा मोठा पराभव झाला. ज्यांना डोंगरातल्या वाटा माहीत, अंबर कुठून छापा घालणार हे माहीत, तेच समोरच्या बाजूला उभे. मुघलांनी मनसबीची लालूच दाखवली, हे खरे. पण लालूच आधीही होती, तेव्हा ते गेले नव्हते. जहांगीर बादशाहचा तर अंबर यांच्यावर एवढा राग की त्यांच्या छाटलेल्या शिरावर आपण बाण मारतो आहोत असे चित्र त्याने दरबारी चित्रकाराकडून काढून घेतले. प्रत्यक्षात ते शीर त्याला कधीच मिळाले नाही.

आणि तरी हा माणूस पुन्हा उठला. वय सत्तरीच्या पुढे. १६२४ मध्ये विजापूरचा आदिलशाह आणि मुघल एक झाले. अंबर यांनी गोवळकोंड्याशी करार केला, विजापूरच्या मुलखात घुसले, आणि मोठी संयुक्त फौज मागे लागल्यावर हळूहळू तिला आपल्या मुलखात ओढत अहमदनगरजवळच्या भातवडीपर्यंत आणले. तिथे तलावाचा बांध फोडून शत्रूच्या छावणीत पाणी सोडले. वर पाऊस. चिखलात तोफा रुतल्या, रसद तुटली, उपाशी शिपाई छावणी सोडून निघू लागले. मग अंबर यांनी हल्ला केला. विजापूरचा सेनापती मुल्ला मुहम्मद लारी मारला गेला. या लढाईत शहाजीराजांचे नाव झाले. शरीफजी कामी आले. लखुजी जाधव मुघलांच्या बाजूने होते आणि त्यांचे जावई शहाजी अंबर यांच्या बाजूने.

एवढा मोठा विजय. आणि वर्षभरात शहाजीराजे अंबर यांना सोडून विजापूरला गेले. भातवडीनंतर दोघांत बेबनाव झाला होता. भाऊ गमावलेल्या तरुण सरदाराला त्याच्या तोलामोलाची वागणूक मिळाली नाही, असाच याचा अर्थ आम्ही लावतो. पाऊणशे वर्षांच्या वजिराला हाताखालचा पंचविशी-तिशीतला माणूस आपल्याइतका मोठा होतो आहे हे बघवले नसेल का? कोणत्याही ऑफिसात जा, हे दृश्य दिसेल. निवृत्तीला दोन वर्षे राहिलेले साहेब आणि सगळे काम उचलणारा ज्युनिअर.

१६२६ च्या मे महिन्यात मलिक अंबर वारले. खुलदाबादला त्यांनी हयातीतच मकबरा बांधून ठेवला होता, तिथे दफन झाले. बेगम बीबी करीमा यांचा मकबराही जवळच आहे. जहांगीरच्या दरबारातल्या इतिहासकाराने, मोतमद खानाने, आयुष्यभर शत्रू राहिलेल्या या माणसाबद्दल मृत्यूनंतर कौतुकाने लिहिले. त्यांच्या सेनापतित्वाला आणि कारभाराला तोड नव्हती, आणि एखादा हबशी गुलाम एवढ्या उंचीवर पोहोचल्याचे इतिहासात दुसरे उदाहरण नाही, असा त्याचा आशय आहे.

वजिरी मुलाकडे, फतेह खानाकडे गेली. फतेह खान शूर होता. पण बापाच्या शब्दाला जे वजन होते ते बापाबरोबर खुलदाबादला गेले. निजामशाह आणि फतेह खान एकमेकांकडे संशयाने बघू लागले, फतेह खान कैदेत पडला. मधल्या काळात लखुजी जाधव पुन्हा निजामशाहीत परतले होते. १६२९ मध्ये निजामशाहने त्यांना दौलताबादला दरबारात बोलावले आणि मुलांसह तिथेच ठार केले. विश्वासाने आलेला, निःशस्त्र माणूस. ते कळताच जिजाबाईंचे पती शहाजीराजे, जे आदिलशाहकडून परत निजामशाहीत आले होते, बाहेर पडले आणि काही काळ मुघलांकडे गेले. नंतर कैदेतून सुटलेल्या फतेह खानाने त्या निजामशाहला संपवले आणि पुन्हा एक लहान मूल गादीवर बसवले. बापाने १६१० मध्ये जे केले होते तेच, फक्त आता मागे उभी राहणारी माणसे उरली नव्हती. १६३३ मध्ये फतेह खानाने दौलताबादचा किल्ला मुघलांच्या हवाली केला. शहाजीराजांनी आणखी एक वारस उभा करून तीनेक वर्षे झुंज दिली. १६३६ मध्ये निजामशाही संपली.

फतेह खानाने खडकीचे नाव बदलून फतेहनगर केले होते. ते नाव आज शहरात कुणाला विचारले तर सांगता येणार नाही. नहरीला मात्र लोक अजून अंबरीच म्हणतात. पुढच्या सहलीत दौलताबादचा किल्ला आधी आणि मकबरा नंतर, असा क्रम ठेवायचा आम्ही ठरवले आहे. तो मुलगा आता अकरावीत गेला आहे, त्यालाही बोलावणार आहोत.